ॲप म्हणतं ‘कमी’, आणि लेकीच्या शिंका थांबत नाहीत

पत्र:

‘मी दादरला राहते. मुलगी आठवीत आहे, संध्याकाळी शिवाजी पार्कवर खो-खो खेळते. गेली दोन वर्षं गणपती गेले की तिच्या शिंका सुरू होतात, त्या थंडी सरेपर्यंत. उठल्याबरोबर आठ-दहा शिंका, नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल. न्यू जर्सीची बहीण म्हणाली, तिकडे सगळे फोनवर परागकणांचा इशारा बघूनच बाहेर पडतात. तिनं सांगितलेलं ॲप घेतलं, शिवाय हवेची तीन घेतली. आता दिवसभर फोन टुंग टुंग वाजतो. एक म्हणतं परागकण कमी, दुसऱ्यात हवा लाल, तिसऱ्यात हिरवी. लाल दिसलं की मी तिला मैदानावर सोडत नाही. दिवाळीपासून निम्मा सराव बुडालाय, जिल्हा स्पर्धा तोंडावर आहे. सर म्हणाले, मग घरीच ठेवा तिला. लेक माझ्याशी बोलत नाही. सासरे म्हणतात, आमच्या वेळी मुलं धूळ खाऊनच मोठी झाली. नवरा म्हणतो, फोन बंद करून टाक. मी कुठल्या ॲपवर विश्वास ठेवू?’
– एक आई, दादर

ताई,

परागकणांपुरतं म्हणाल तर यातल्या कुठल्याच ॲपवर लेकीचा दिवस ठरवू नका. हवेसाठी एक पुरे, ते कोणतं ते पुढे सांगते. आणि लेकीला ताप नसेल, धावताना छातीत घरघर होत नसेल, रात्री खोकल्यानं झोप मोडत नसेल, तर उद्या संध्याकाळी तिला मैदानावर जाऊ द्या. ती गेली की बाकीचं वाचायला निवांत बसा.

बहिणीनं सांगितलं ते तिच्या गावाला धरून आहे. तिकडे वसंतात झाडांचे परागकण उडतात, ऑगस्टच्या मध्यापासून रॅगवीड नावाच्या तणाचे. हे ऋतू ठळक असतात आणि मोजणीची सवय जुनी आहे. परागकण मोजायची एक रीत अशी: इमारतीच्या गच्चीवर ठेवलेलं यंत्र मिनिटाला १० लिटर हवा आत ओढतं, हवेतले कण एका चिकट पट्टीवर बसतात, आणि मग जाणकार माणूस ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून हा गवताचा, हा झाडाचा असं ओळखत मोजत बसतो. हर्स्ट या ब्रिटिश संशोधकांनी १९५२मध्ये बनवलेल्या यंत्राची ही रीत जगात बऱ्याच ठिकाणी अजून चालते. त्यामुळे असा मोजलेला आकडा हाती येतो तो होऊन गेलेल्या दिवसाचा. उद्याचा आकडा तिथेही अंदाजच असतो, फक्त त्याच्यामागे वर्षानुवर्षांच्या मोजणीचा आधार असतो.

तुमच्या फोनवर ‘मुंबई – परागकण कमी’ असं येतं तेव्हा दादरच्या कुठल्या गच्चीवर कुणी पट्टी बघितलीय असं समजू नका. अशी ॲप्स बहुधा उपग्रहातून दिसणारी हिरवळ, तापमान, वारा, पाऊस आणि कुठली वनस्पती कधी फुलते याचं ढोबळ वेळापत्रक एकत्र करून गणित मांडतात. ही काही फसवणूक नाही. पण काही किलोमीटरच्या एकाच चौकोनात माहीमच्या खाडीची कांदळवनं, शिवाजी पार्कचं मैदान आणि परळच्या गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर असे सगळे येतात, आणि त्या सगळ्यांचं मिळून एक उत्तर निघतं. त्यात ‘कमी’ हा शब्द सरसकट सगळ्यांसाठी असतो. ज्याला एखाद्या गवताची ॲलर्जी आहे त्याचं नाक थोड्या कणांनीही पेटतं, आणि ज्याला नाही तो गवतात लोळला तरी त्याला काही होत नाही.

आता लाल आणि हिरव्याचं कोडं. ते सोपं आहे, पण कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

हवेचा जो आकडा आपण एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) म्हणून वाचतो, त्याची भारताची पट्टी वेगळी आणि अमेरिकेची वेगळी. हवेत पीएम २.५ म्हणजे अतिबारीक धूळ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय पट्टीवर तिचा आकडा १०० येतो, ‘समाधानकारक’ या हिरव्या रकान्याच्या अगदी काठावर. तीच हवा अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या वर जाते आणि लाल दिसते. तुमच्या दोन ॲप्समध्ये भांडण आहे ते बहुतेक एवढंच. हवा एकच, दोन मास्तरांनी दिलेले मार्क वेगळे. (जागतिक आरोग्य संघटनेला विचाराल तर ती २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊच नका म्हणते. तेव्हा आपल्या हिरव्यावर फार खूश होण्यातही अर्थ नाही.)

दुसरी गंमत वेळेची. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आकडा धुळीच्या बाबतीत गेल्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो. काही खासगी ॲप्स मात्र ‘आत्ता’चा आकडा दाखवतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके वाजले तर खासगी ॲप त्याच रात्री किंचाळतं, मंडळाचा आकडा हळूहळू चढतो आणि दुसऱ्या दिवशी हवा निवळली तरी बराच वेळ वरच राहतो. तुम्ही दिवाळीनंतर ज्या दिवशी लेकीला घरी बसवलंत, त्यातल्या काही दिवशी तुम्ही कदाचित आदल्या रात्रीच्या हवेला घाबरलात.

आणि या सगळ्यात परागकण कुठेच नाहीत. भारतीय एक्यूआयमध्ये आठ गोष्टी धरतात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. त्यातला जो सर्वांत वाईट, त्याचा आकडा तो त्या दिवसाचा आकडा. गवताचा परागकण साधारण ३० ते ४० मायक्रॉनचा असतो. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन आणि त्याहून लहान कण. थोडक्यात, अख्खा परागकण त्या चाळणीवरूनच बाजूला पडतो. हवेचा आकडा ५० असला तरी गवत फुलोऱ्यात असू शकतं, आणि आकडा २५० असताना हवेत एकही परागकण नसेल. दोन्हींचा संबंध आहे तो तुमच्या लेकीच्या नाकात: धूर आणि बारीक धूळ नाकाचं अस्तर आधीच चिडवून ठेवतात, मग ॲलर्जीला निमित्त थोडं पुरतं.

मुंबईत फुलतं काय आणि कधी, हे फोनपेक्षा डोळ्यांनी लवकर कळतं. पावसाळा ओसरू लागला की रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेला, मैदानाच्या कुंपणापाशी गवताला तुरे येतात. गवताचे परागकण वाऱ्यावर जातात, म्हणून ते नाकापर्यंत पोचतात. ‘गणपती गेले की’ असं तुम्ही लिहिलंत, ते या वेळापत्रकात चपखल बसतं. गाजरगवत, ज्याला कुणी काँग्रेस गवत म्हणतं, ते रॅगवीडच्याच कुळातलं. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. त्यानं अंगाला खाज सुटते आणि नाकही वाहतं. सोसायटीच्या मागे पांढऱ्या बारीक फुलांची झुडपं दिसली तर फुलण्याआधी उपटायला सांगा, हातमोजे घालून.

झाडांच्या बाबतीत मात्र लोक भलत्यालाच बोल लावतात. गुलमोहर, सोनमोहर, बहावा ही डोळ्यांत भरणारी फुलं किड्यापाखरांसाठी असतात. त्यांचे परागकण जड, चिकट, वाऱ्यावर फारसे फिरत नाहीत. सप्तपर्णीचंही तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी तिचा वास अंगावर येतो, डोकं चढतं, आणि आख्खी बिल्डिंग ठरवते की सर्दी हिच्यामुळेच. उग्र वासानं नाक चुरचुरतं, शिंकाही येतात, पण ती परागकणांची ॲलर्जी असेलच असं नाही. दादर-माटुंग्याच्या गल्ल्यांत सप्तपर्णी पुष्कळ, तेव्हा वास येतो त्या संध्याकाळी शिंका वाढतात का, एवढं बघून ठेवा. झाड तोडायचा अर्ज मात्र लिहायला घेऊ नका.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत बोलकं वाटलेलं वाक्य वेगळंच आहे. ‘उठल्याबरोबर आठ-दहा शिंका.’ तेव्हा तिनं घराबाहेर पाऊलही टाकलेलं नसतं. ॲलर्जीच्या शिंका एरवीही सकाळीच जास्त येतात, त्यामुळे याला पुरावा म्हणता येणार नाही. पण संशयाची सुई घराकडे वळवायला एवढं पुरेसं आहे. मुंबईचा पावसाळा गादी, उशा, लोकर, पडदे सगळ्यांत ओल भरून जातो. त्या ओलीवर धुळीतले माइट्स, डोळ्यांना न दिसणारे किडे, पोसले जातात, आणि कपाटामागे, खिडकीच्या कोपऱ्यात, एसीच्या जाळीत बुरशी धरते. त्यात आपण काय करतो? दिवाळीची साफसफाई. माळ्यावरचं सगळं खाली, पंखे पुसले, गाद्या झटकल्या, कोपऱ्यातली जाळी काढली, आणि त्या धुळीत मुलं मदतीला. थंडी पडली की वर्षभर पेटीत असलेल्या गोधड्या तशाच अंगावर. ‘गणपतीनंतर ते थंडी सरेपर्यंत’ हेही वेळापत्रक त्यात बसतं.

आणि कबुतरं. दादरकरांना यावर लेक्चर नको. २०२५मध्ये कबुतरखाना बंद करण्यावरून जो वाद झाला तो तुमच्या दारातच झाला. मी फक्त विचारते: तुमच्या एसीच्या बाहेरच्या खोक्यावर, बाथरूमच्या डक्टमध्ये घरटं आहे का? वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ खिडकीतून आत येते. काहींच्या फुप्फुसांना त्यानं गंभीर आजारही होतो. जाळी लावा, साफ करताना आधी पाणी मारून ओलं करा, मास्क लावा आणि लेकीला त्या कामाला लावू नका.

शेवटचा संशयित तुमच्या लाडक्या मैदानावरच आहे. शिवाजी पार्कच्या लाल मातीच्या धुळीबद्दल आसपासचे रहिवासी किती वर्षं कुरकुरताहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ती धूळ कुठल्याही परागकणांच्या ॲपमध्ये दिसणार नाही. खो-खोत तर खांबाला वळसा घालताना, झेपावताना माती थेट तोंडावर येते. सराव सुरू व्हायच्या आधी तेवढ्या पट्ट्यावर पाणी मारलं तर मोठा फरक पडतो. सरांशी बोलायचं असेल तर हे बोला. ‘आज ॲपमध्ये लाल आहे’ यापेक्षा ‘जरा पाणी मारून घेऊया का’ हे वाक्य कुठल्याही सरांना लवकर पटतं.

आता फोन हातात घ्या.

हवेसाठी केंद्रीय मंडळाचं ‘समीर’ ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची ‘सफर’ ही यंत्रणाही मुंबईत २०१५पासून आहे आणि ती येत्या दिवसांचा अंदाज देते. दोन्हींपैकी जे तुम्हाला वाचायला सोपं वाटेल ते ठेवा, दोन्ही नकोत. शहराचा एकत्र आकडा बघू नका, जवळचं केंद्र निवडा. वरळीची हवा आणि चेंबूरची हवा एकाच दिवशी वेगळी असते. आकड्याखाली वेळ लिहिलेली असते तीही बघा, कारण केंद्र बंद पडलं तर कधी जुनाच आकडा तसाच दिसत राहतो. पाऊस-वाऱ्यासाठी हवामान खात्याचं ‘मौसम’ आहे. बहिणीचं परागकणांचं ॲप तिच्या समाधानासाठी राहू द्या, पण सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचे नोटिफिकेशन बंद करा. फोनवर त्या ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलंत तरी तो पर्याय बहुतेक सापडतो.

इशारा चालू ठेवायचाच असेल तर ॲपमध्ये मर्यादा ठरवायची सोय आहे का बघा. अमुक आकड्याच्या वर गेलं तरच वाजायचं, एरवी गप्प. आणि इशारा उशिरा येतो अशी तक्रार असेल तर बॅटरी सेव्हर तपासा. बरेच फोन चार्जिंग वाचवायला मागे चालणारी ॲप्स झोपवून ठेवतात, आणि दुपारचा इशारा रात्री जेवताना येतो.

दिवसातून एकदा बघायचं, सराव साडेचारचा असेल तर चार वाजता. त्या आकड्याचं काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं, म्हणजे रोज दारात वाद नको. मी तुमच्या जागी असते तर अशी आखणी डॉक्टरांपुढे ठेवली असती: भारतीय पट्टीवर २००पर्यंत नेहमीसारखा सराव. २०१ ते ३०० असेल तर जायचं, पण लांब पल्ल्याची धावाधाव कमी, डाव कमी, मध्ये विश्रांती जास्त. ३००च्या वर त्या दिवशी घरातच पायांचे ताणाचे व्यायाम, दोरीच्या उड्या नकोत. लेकीला दमा निघाला तर डॉक्टर हे आकडे खाली आणतील, कारण सरकारी पट्टीच सांगते की १०१ ते २०० या रकान्यातही दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो.

सराव संध्याकाळी आहे हे तुमचं नशीब म्हणा. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही मंद, आणि शहराचा धूर खालीच साचतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की किनाऱ्यालगतची हवा हलते. शिवाजी पार्क चौपाटीपासून चार पावलांवर. तेव्हा ‘सकाळची हवा शुद्ध’ म्हणून कुणी सराव पहाटे सहावर आणायला निघालं तर हात जोडून नाही म्हणा.

एक इशारा मात्र कधीच बंद करू नका: विजांचा. परतीचा पाऊस संध्याकाळी गडगडाट घेऊन येतो, आणि मोकळ्या मैदानावर वीज हाच पुरेसा धोका आहे. ‘दामिनी’ हे ॲप त्यासाठी आहे. ॲलर्जीवाल्यांना आणखी एक कारण आहे. वादळाच्या तोंडावर परागकण ओलीनं फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे थेट छातीत उतरतात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६च्या संध्याकाळी अशा वादळानंतर हजारो माणसं धाप लागून दवाखान्यांत पोचली, १० जण दगावले. तिथे रायगवताची कुरणं पसरलेली आहेत. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही, पण ढग दाटले की मैदान सोडायला दोन कारणं झाली.

आता माझ्या मते ज्यासाठी फोन खरंच कामाचा आहे ते. ॲपचे इशारे कमी करा आणि तुमचे स्वतःचे गजर लावा.

पहिला गजर औषधाचा. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर तो शिंका आल्या की मारायचा आणि थांबल्या की ठेवून द्यायचा असा नसतो. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, रोज न चुकता घेतला तर. बहुतेक घरांत तो चार दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून फ्रिजवर जाऊन बसतो. रोज रात्री दात घासायच्या वेळेचा गजर लावा. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, आणि जोरात हुंगायचं नाही. तसं केलं की औषध घशात जातं.

दुसरा गजर वर्षातून एकदा वाजेल असा, १५ ऑगस्टला. गणपती तिथीनं पुढे-मागे होतात, ही तारीख हलत नाही. त्या दिवशी ‘डॉक्टरांना फोन, स्प्रे केव्हा सुरू करायचा?’ एवढंच लिहून ठेवा. त्रासाचा मोसम ठाऊक असेल तर औषध तो सुरू व्हायच्या आधीच चालू करण्यात फायदा असतो.

तिसरा गजर दर रविवारी: चादरी-अभ्रे गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास. वॉशिंग मशीनला ते बटण असतं, आपण वापरत नाही.

केमिस्टकडून नाक मोकळं करणारे थेंब आणत असाल तर ते तीन-चार दिवसांपलीकडे नकोत. जास्त दिवस टाकले की थेंब सोडल्यावर नाक आणखी चोंदतं, मग पुन्हा थेंब. शिंकांच्या गोळ्यांपैकी सिट्रिझिननं अनेकांना झोप येते. आठवीच्या मुलीला शाळेत डुलक्या लागल्या तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून मागा. सासूबाई ओव्याची धुरी करत असतील किंवा घरात धूप आणि डासांची कॉइल जळत असेल, तर त्रासाचा मोसम सरेपर्यंत तिच्या खोलीत ते नको. उलट मैदानावरून आल्या आल्या हात-पाय-तोंड धुवून, केसांतली धूळ काढून कपडे बदलणं याला पैसा लागत नाही आणि गुण येतो.

आणि नोंदी. दुधाचे खाडे मांडतो तसं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन खुणा करायच्या, आणि त्या तुम्ही नाही, लेकीनं करायच्या: सकाळी किती त्रास, सरावानंतर किती, झोपताना किती. शून्य, थोडा, फार, बस. शेजारी चार वाजताचा हवेचा आकडा, आणि त्या दिवशी काही वेगळं झालं का: पाऊस, साफसफाई, फटाके, मैदानावर पाणी मारलं, मामाकडे झोपली. महिनाभरात चित्र दिसू लागतं. मामाकडच्या दोन रात्रींनंतर सकाळच्या शिंका गायब झाल्या तर तुमची गादी बोलली. आकडा २२० असताना काही नाही आणि ९० असताना हैराण, तर लाल रंगाला घाबरून बुडवलेला सराव फुकट गेला. मैदानावर पाणी मारलेल्या दिवशी बरं, तर लाल माती. हे सगळं कुठलंही ॲप तुम्हाला सांगू शकणार नाही, कारण तिच्या उशीचा आणि तिच्या मामाचा पत्ता त्याच्याकडे नाही.

नोंदी तिच्या हातात देण्यामागे माझा आणखी एक हेतू आहे. आत्ता तिच्या दृष्टीनं फोन म्हणजे आईच्या हातातली बंदी. चार वाजता आकडा तिनं बघावा, ठरलेल्या आखणीप्रमाणे तिनंच सरांना सांगावं की आज मी निम्मे डाव खेळेन. तेरा वर्षांची मुलगी नियम मोडते ते बहुधा दुसऱ्यानं केलेले. अबोला कसा सोडवायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. हा आखणीचा कागद तिच्यासोबत बसून तयार करा.

सासऱ्यांशी वाद घालू नका. त्यांच्या वेळी मैदानाभोवती इतकी बांधकामं आणि इतक्या गाड्या नव्हत्या, एवढं तेही मान्य करतील. नवऱ्याला फोन बंद झाल्याचं समाधान मिळेलच, चारपैकी तीन ॲप्स आज गप्प होताहेत. त्या बदल्यात त्यानं एसीची जाळी धुवावी.

धोक्याच्या खुणा वेगळ्या लिहून सरांकडे द्या: खेळताना छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, खोकल्याची उबळ थांबत नाही, पुरं वाक्य एका दमात बोलता येत नाही, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात, ओठ निळसर. यातलं काही दिसलं तर ॲप, आकडा, आखणी सगळं बाजूला, सरळ दवाखाना, नाहीतर १०८. दमा निघालाच तर खेळ सुटतो असं समजू नका. उपचार नीट चालू असलेली दम्याची मुलं स्पर्धा खेळतात. पंपाची सवय लागते ही जुनी भीती मात्र घरात कुणी काढली तर डॉक्टरांसमोरच काढा, तिथेच तिचा निकाल लागेल.

डॉक्टरांकडे महिन्याभरानं ते कॅलेंडरचं पान घेऊन जा. नाक-कान-घसा किंवा ॲलर्जीच्या डॉक्टरांनी त्वचेवर टोचून करायची चाचणी सुचवली, तर तिच्या आधी काही दिवस शिंकांच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर निकाल चुकीचा येतो. किती दिवस ते गोळीवर अवलंबून असतं, तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, आणि शक्यतो ती तारीख जिल्हा स्पर्धेनंतरची घ्या. गोळ्या बंद असलेल्या आठवड्यात तिला नाक पुसत खो द्यावा लागू नये.